चष्मा काढून ठेवलेला म्हातारा

म्हाताऱ्याने चष्मा काढून समोरच्या उघड्या पुस्तकावर ठेवलाय. चष्म्याची एक काडी मिटलेली, दुसरी अर्धवट उघडी. टोपी मांडीवर. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवलेली, हनुवटीच्या जरा खाली. डोळे बंद. वाचायला म्हणून बसला असेल, आणि वाचता वाचता अशा जागी आला की पुढचं सगळं त्याला पाठ होतं. मग चष्मा कशाला हवा? चित्रात बाकी काही घडत नाही. मागे भिंत, बाजूला बाकाचा एक हात दिसतो, बस्स.

हा एका एचिंगचा, म्हणजे तेजाबाने खाल्लेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेला छाप आहे. आकाराने दोन पोस्टकार्डं शेजारी ठेवावीत एवढा. मी नागपूरला ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करत होतो तेव्हा सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं विलायती काम. फ्रेममध्ये बसावा म्हणून कुणीतरी कडा कापल्या, त्यात खालची नावाची ओळ गेली. वरच्या आणि डाव्या बाजूला मात्र पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेली खोलगट रेघ शाबूत आहे, बोट फिरवलं की लागते. कागद तिरपा धरून खिडकीच्या उजेडात पाहिला तर कोटाच्या काळ्या रेषा पृष्ठभागाच्या किंचित वर आलेल्या दिसतात. ऑफसेटवर छापलेल्या चित्रात असं कधी दिसणार नाही. जुन्या पुस्तकात असं पान सापडलं तर आधी या दोन गोष्टी तपासा.

मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात शाळेवर चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो, गॅदरिंगचे पडदे रंगवून घेतो, पंधरा ऑगस्टचे फलक लिहितो. दरवर्षी नववीच्या मुलांना हा म्हातारा दाखवतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, हा बुढा झोपला का जी?" मी म्हणतो, मान बघ. बसल्या बसल्या झोपलेल्या माणसाची मान पडते, खांदे सैल होतात, तोंड थोडं उघडं राहतं. याची मान पुढे झुकली आहे, पण ती त्याने स्वतः धरून ठेवली आहे. कानामागून गळपट्टीकडे उतरणारी शीर ताणलेली आहे, ती फक्त तीन रेषांत काढलेली. खालचा ओठ वरच्या ओठाखाली किंचित ओढलेला. माणूस पूर्ण जागा आहे. एवढं पाहिलं की मुलं गप्प होतात आणि मग स्वतःहून पुढचं शोधायला लागतात. बाहीच्या टोकाचे सुटलेले धागे एका मुलीने शोधले होते. ते इतक्या वर्षांत माझ्याही नजरेतून सुटले होते.

पाहणाऱ्याचं लक्ष आधी दाढीवर जातं. मला त्याचं कपाळ महत्त्वाचं वाटतं. अंगठ्याएवढ्या जागेत शाईचा ठिपकासुद्धा नाही. तिथे जो उजेड दिसतो तो कोरा कागद आहे. कोटावर मात्र रेषांचे तीन-चार थर एकमेकांवरून गेलेत, आणि मागच्या भिंतीवरच्या आडव्या रेषा डोक्याजवळ येता येता विरळ होत गेल्यात. मेणबत्ती नाही, खिडकी नाही, वरून पडणारा दिव्य झोत वगैरे तर नाहीच. तरी खोलीतला सगळा उजेड त्या कपाळावर आणि बोटांच्या पेरांवर गोळा झालाय.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण माझा जीव या चित्रात अडकला तो या कृतीमुळे.

तांब्याचा पत्रा घ्यायचा. त्यावर मधमाश्यांचं मेण, डांबर आणि राळ एकत्र वितळवून केलेला पातळ थर द्यायचा. मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांबूस चमकताना दिसते. सुईने तांबं कोरायचं नसतं, फक्त मेण बाजूला करायचं. मग पत्रा तेजाबात. जिथे मेण निघालंय तिथे तेजाब तांबं खातं आणि रेघेची चर होते. चर जितकी खोल तितकी तिच्यात शाई जास्त बसणार, आणि छाप तितका काळा येणार. म्हणजे काळेपणा ठरतो तो पत्रा तेजाबात किती वेळ राहिला यावर. जुने कारागीर नायट्रिक वापरत. रेघांवर बुडबुडे येत आणि ते पक्ष्याच्या पिसाने हळूच सारावे लागत, नाहीतर रेघ तुटक खाल्ली जाते.

आता खरी गोष्ट. सगळ्या रेघा सारख्याच वेळ ठेवल्या तर सगळं चित्र एकसारखं करडं होईल. म्हणून पत्रा थोड्या वेळाने बाहेर काढतात, धुतात, वाळवतात, आणि ज्या रेघा कोवळ्या राहायला हव्यात त्यांच्यावर वॉर्निश फिरवून त्या बुजवतात. उरलेल्या परत तेजाबात. पुन्हा काढायचं, आणखी काही बुजवायचं, पुन्हा आत. या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या रेघा सगळ्यांत आधी बंद झाल्या असणार. डोळ्यांच्या पापण्या, गालावरच्या सुरकुत्या, ओठ हे सगळं पहिल्या बुडवणीत झालं आणि वॉर्निशखाली झाकलं गेलं. मग हात. मग दाढीची सावली. कोट आणि भिंत शेवटपर्यंत आत राहिली. कपाळावर तर सुई फिरलीच नाही, तिथलं मेण पहिल्यापासून अखंड. सगळा काळोख तयार होत असताना चेहरा झाकलेला होता, आणि करणाऱ्यालाही तो छाप निघेपर्यंत दिसला नसणार. मला हे फार मोलाचं वाटतं. तैलचित्रात चित्रकार चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा येतो, कपाळावर शेवटचा पांढरा हात मारतो. इथे आधीच ठरवावं लागतं की अमुक जागेला मी हात लावणार नाही.

त्या काळात इतक्या लोकांनी एचिंग हातात का घेतलं, यालाही कारण आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट सतराव्या शतकातला. त्याने या तंत्राकडून जे करवून घेतलं त्याची बरोबरी पुढे फारशी कुणी केली नाही, आणि पुढच्या काळात तांब्याच्या पत्र्याचा बराचसा उपयोग दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला छापण्यासाठी होत राहिला. १८३९ मध्ये कॅमेरा जगापुढे आला आणि चेहरे टिपण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. १८६२ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेद कादार या प्रकाशकाने एचिंग करणाऱ्या चित्रकारांची संस्था उभी केली, लंडनमध्ये सेमूर हेडन आणि व्हिसलर हे एचिंग करणारे होतेच, आणि पाहता पाहता चित्रकार पुन्हा स्वतःची मूळ चित्रं पत्र्यावर काढू लागले. तांबं मऊ, काही छापांनंतर रेघा झिजायला लागतात. १८५७च्या सुमारास पत्र्यावर विजेच्या साह्याने लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवण्याची युक्ती निघाली आणि एका पत्र्यातून हजारो छाप निघू लागले. त्यामुळे मूळ एचिंग मासिकांतसुद्धा बांधता आली. लंडनचं 'पोर्टफोलिओ' हे मासिक १८७० मध्ये सुरू झालं, त्यात अशी पानं असत. तशाच कुठल्यातरी बाडातून सुटून माझा म्हातारा सीताबर्डीला पोचला असावा असं मी धरून चालतो.

आणि कॅमेऱ्याला तेव्हा हा म्हातारा टिपताच आला नसता. अंधाऱ्या जागी फोटो घ्यायला फार वेळ लागायचा. स्टुडिओत भरपूर उजेड असूनही लोकांच्या मानेमागे लोखंडी आधार लावून त्यांना स्थिर बसवत. मॅग्नेशियमची झगझगीत भुकटी उडवून अंधारात फोटो काढणं १८८०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, आणि त्या भडक्यात कुणी डोळे मिटून बसून राहिलं असतं असं वाटत नाही. आपल्याकडच्या बैठकीतले जुने फोटो आठवा. पणजोबा खुर्चीवर, हात गुडघ्यांवर, डोळे वटारलेले, पणजी बाजूला उभी. ते सगळे आपल्याकडे बघतात. या चित्रातला माणूस आपल्याकडे बघत नाही. त्याला आपण आहोत हेच माहीत नाही. चेहऱ्याचं चित्र म्हणावं तर डोळेच बंद, आणि तरी हा माणूस मला त्या फोटोंतल्या माणसांपेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

कागदाबद्दल एक गोष्ट मध्येच सांगून घेतो. असा चांगला कागद तेव्हा चिंध्यांपासून व्हायचा, लिननच्या आणि सुती. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस अडकल्यावर लँकशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे मोर्चा वळवला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्या कापसाचं कापड झालं, कापडाच्या चिंध्या झाल्या. माझ्या म्हाताऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीत आमच्याकडच्या एखाद्या वावरातला धागा असूही शकतो. मी हे मुलांना सांगतो तेव्हा ती कागद जास्त जपून धरतात.

आता ज्या प्रश्नाने मला बरीच वर्षं छळलं त्याकडे येतो. हा म्हातारा खरंच प्रार्थना करत होता का?

तिकडे मॉडेल बसवायची पद्धत होती. आल्फाँस लेग्रो या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण घ्या. जन्म १८३७चा, दिजाँ गावचा. १८६३ मध्ये लंडनला गेला, १८७६ ते १८९२ स्लेड या कलाशाळेत प्राध्यापक होता. चर्चमध्ये वाकून बसलेली माणसं, साधू, गरीब म्हातारे हे त्याचे आयुष्यभराचे विषय, आणि आयुष्यात सहाशेच्या वर पत्रे केले त्याने. माझा छाप त्याचा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याने मळवलेल्या वाटेवरचा आहे हे रेषेवरून दिसतं. किंवा व्हॅन गॉग घ्या. १८८२ मध्ये हेगला असताना त्याने धर्मादाय वृद्धाश्रमात राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा बसवलं. झाउडरलँड त्याचं नाव. जेवणाआधी प्रार्थना करताना, हातात पुस्तक घेतलेला, आणि दोन्ही मुठींत तोंड खुपसून खुर्चीवर बसलेला अशी त्याची चित्रं आहेत. मुठींत तोंड खुपसलेल्या चित्राचा दगडावरून छापलेला लिथोग्राफही त्याने केला. (व्हॅन गॉगने उभ्या आयुष्यात एचिंग एकच केलं, १८९० मध्ये, डॉक्टर गाशे यांचं, तोंडात चिलीम असलेलं.) या माणसांना बसण्याचे पैसे मिळत. हात जोडा म्हटलं की जोडायचे, डोळे मिटा म्हटलं की मिटायचे.

तर मग ते काय होतं? मला वाटायचं की ते सोंग होतं आणि चित्रकाराने त्याला खरेपण दिलं. पण वय झालेला, एकटा, आश्रमाच्या जेवणावर जगणारा माणूस. त्याला हात जोडून, डोळे मिटून तासभर बसवलं, खोलीत पेन्सिलीचा आवाज सोडून काही नाही. त्या तासात त्याच्या मनात काय आलं असेल? लहानपणापासून म्हणत आलेले शब्द आपोआप आले नसतील? यावर माझं मत आबाजींनी बदललं.

आबाजी आमच्या गावातले. ऐंशीच्या पुढचे कास्तकार. आता वावर मुलगा बघतो, पण कापूस वेचणीला आजही एक चक्कर असतेच. आमचा पट्टा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. महाराजांचा जन्म १९०९चा, आमच्याच जिल्ह्यात यावलीला, आणि गुरुकुंज मोझरी आमच्या तालुक्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावर. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं आहेत आणि दिवेलागणीनंतर सामुदायिक प्रार्थना होते. सतरंजी अंथरतात, समोर अधिष्ठान मांडतात, उदबत्ती लावतात, सगळे पाठ ताठ ठेवून रांगेत बसतात. थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना, मग कुणी खंजिरीवर भजन घेतं. महाराज १९६८ मध्ये गेले. आबाजींनी त्यांची खंजिरी समोर बसून ऐकली आहे. आजही पुण्यतिथीला, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मोझरीला अफाट गर्दी एकदम गप्प होते, तेव्हा आबाजी तिथे असतातच.

मला त्यांचं एचिंग करायचं होतं. त्यांच्या प्रार्थनेला बसलेल्या चेहऱ्याचं. म्हणून आधी तो विलायती छाप घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"हा कोनत्या गावचा?"

"तिकडचा आहे, आबाजी. इंग्रजांकडचा."

"टोपी काहून काढली त्यानं?"

मी सांगितलं की तिकडे पुरुष देवासमोर बसताना टोपी काढतात. आबाजींना याचं मोठं नवल वाटलं. गुरुदेव सेवक प्रार्थनेला बसताना भगवी टोपी आठवणीने घालतो. घरून विसरली असेल तर शेजारच्याकडून मागून घेतो. "म्हंजे थो काढते आन् आपन घालतो," ते म्हणाले, आणि मग चष्म्यावर बोट ठेवून, "हा खाली पडन त्याचा."

मग मी मुद्द्यावर आलो. दुपारी जरा वेळ बसाल का, प्रार्थनेला बसता तसं, मी रेखाटन करतो.

"दुपारी कोनती प्रार्थना असते बाप्पा?"

"प्रार्थना नाही करायची आबाजी. नुसतं बसायचं, हात जोडून."

"हात जोडले का मंग पुढचं येतेच तोंडात. आन् येकदा आलं का मंग थे तुह्या चित्रासाठी नाही रायत." थोडं थांबून म्हणाले, "संध्याकायी येजो. मी बसतोच. तुले काय करायचं थे कर."

त्या हेगच्या म्हाताऱ्याबद्दलचं माझं उत्तर मला तिथे मिळालं. पैसे घेऊन हात जोडले तरी पुढचं तोंडात येतंच. निदान आबाजींसारख्या माणसाच्या तरी येतं, आणि मला आता वाटतं की ती माणसं आबाजींसारखीच होती.

संध्याकाळी वही घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. मी लहानपणापासून ही प्रार्थना म्हणत आलोय. पेन्सिल चालू केली की शब्द निसटत, शब्द धरले की हात थांबे. आणि आजूबाजूला सगळे डोळे मिटून बसलेले असताना एकट्याने डोळे उघडे ठेवून माणसं न्याहाळायची, हे मला जमेना. कुणी हरकत घेतली नसती. आजकाल प्रार्थनेतही कुणी ना कुणी मोबाइल वर करून व्हिडिओ घेतंच. पण मला ते आवडत नाही, आणि जे दुसऱ्याने केलेलं आवडत नाही ते पेन्सिलीने करणं वेगळं कसं ठरणार?

शेवटी वही घरी ठेवली. प्रार्थनेला जायचं, प्रार्थना म्हणायची, सुरुवातीला आणि शेवटी डोळे उघडे असतात तेवढ्यात एकच गोष्ट पाहून घ्यायची, आणि घरी येऊन ती काढायची. मुलांना स्मरणचित्राच्या पेपरला मी हेच सांगतो, की सगळं आठवायला जाऊ नका, एक नीट आठवा. एका संध्याकाळी फक्त कान. एकदा खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी. एकदा टोपीखालून आलेले केस. हात काढायला सगळ्यांत जास्त दिवस गेले.

आबाजींच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. कधीकाळी बैलाच्या कासऱ्यात अडकून मोडली, गावातच बांधली आणि तशीच जुळली. त्यामुळे हात जोडले की तळवे पूर्ण टेकत नाहीत, करंगळीच्या बाजूला एक फट राहते. बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांनी पडलेले बारीक ओरखडे आहेत, वेचणीच्या दिवसांत जास्त. विलायती म्हाताऱ्याने बोटं गुंतवली आहेत, एका हाताने दुसरा धरून ठेवलाय. आबाजींचे हात एकमेकांना धरत नाहीत, फक्त टेकायला बघतात, आणि ती फट उरते. मला चित्र सापडलं ते त्या फटीत. तिथे सगळ्यांत खोल काळोख द्यायचा, कोटाला दिला असता तेवढा, कारण आबाजींच्या अंगात काळा कोट नाही. पांढरा सदरा, पांढरं धोतर, मागे चुन्याची भिंत. एकोणिसाव्या शतकातल्या एचिंगला काळे कपडे आणि अंधारी चर्चं आयती मिळाली होती. आमच्याकडे सगळंच पांढरं, वरून ट्यूबलाइट. उजेड दाखवायचा तर काळोख शोधावा लागतो.

पत्रा नागपूरच्या इतवारीतून आणला. कडा कानशीने तिरक्या घासल्या, म्हणजे दाबात कागद फाटत नाही. चिंच लावून तांबं लख्ख केलं, मग खडूच्या भुकटीने तेलकटपणा काढला. हे काम थंडीतच करायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात मेणाचा थर मऊ पडतो आणि टेकवलेल्या हाताला चिकटतो. नायट्रिक मी घरात आणत नाही, लेकरं असतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले सर्किटसाठी फेरिक क्लोराइड वापरतात, ते अमरावतीला सहज मिळतं. धूर नाही, वाफ नाही, फक्त पत्रा पालथा ठेवावा लागतो, कारण चरीतला गाळ खाली पडायला हवा. थंडीतल्या सकाळी ते सुस्त चालतं आणि दुपारी ऊन चढलं की झपाट्याने खातं, म्हणून मी सगळ्या बुडवण्या सकाळीच केल्या. चेहरा पहिल्या बुडवणीनंतर बंद. टोपी आणि कपाळ कोरंच. करंगळीची फट अगदी शेवटी एकटीच आत राहिली. बाकी सगळा पत्रा वॉर्निशखाली होता आणि ती एवढीशी रेघ तांबं खात बसली होती.

छापायला नागपूरला जावं लागतं, एका मित्राच्या स्टुडिओत. त्याच्याकडे रोलर प्रेस आहे, रसवंतीच्या चरकासारखे दोन लोखंडी रूळ, मधून पत्रा, ओला कागद आणि वर लोकरीचं कापड जातं. आधी पत्रा किंचित गरम करून शाई चोळायची, मग कडक मलमलीने पुसत आणायची आणि शेवटी तळहाताने. कपाळाची जागा मी तळहाताच्या कडेने पुन्हा पुन्हा पुसली. कागद उचलला आणि आबाजी समोर आले, तेव्हा मी मित्राशी बराच वेळ बोललो नाही. तोही बोलला नाही.

छाप घेऊन आबाजींकडे गेलो. त्यांनी आधी हातच पाहिले.

"करंगयी त इकडची वाकडी हाये माही." डावा हात वर करून दाखवला.

पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, उजव्याचं डावं होतं, हे मी समजावलं. मी मुद्दामच पत्र्यावर सुलटं काढलं होतं. हातातल्या सवयीने ओढलेली रेघ मला हवी होती, आरशात बघून उलटी काढलेली नको होती. आबाजी म्हणाले, "आरशात असंच दिसते." त्यांच्यापुरता तो विषय संपला. मग बराच वेळ कागद लांब-जवळ करत राहिले. मुलगा आला, सून आली, शेजारचे आले. सगळ्यांनी पाहिलं. सुनेने विचारलं की रंग का नाही भरला.

आणि मग आबाजी म्हणाले, "पन येकट्याचं काहून काढलं?"

मला कळलं नाही.

"मी येकटा कुठी बसतो? सारे बसतो आमी. महाराजांनी सांगतलं थे सारे मिळून बसाले सांगतलं."

या वाक्यावर मी अजून विचार करतोय. माझ्या भिंतीवरचा म्हातारा एकटा आहे. लेग्रोचे साधू एकटे, व्हॅन गॉगचा म्हातारा एकटा. त्या शतकाने प्रार्थना करणारा माणूस असाच पाहिला, एका माणसावर उजेड आणि बाकी सगळा अंधार. मीही तोच साचा उचलला, कारण तो मला फार प्रिय आहे आणि आजही आहे. पण आबाजींच्या प्रार्थनेचं नावच सामुदायिक आहे. त्यांच्या उजव्या बाजूला जो बसतो त्याचा श्वास त्यांना ऐकू येतो, डाव्या बाजूच्याचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागतो. त्यांचा चेहरा तसा आहे त्यात या सगळ्यांचा वाटा आहे. मी मागची भिंत रेषांनी भरली, तिथे खरं तर माणसं होती.

म्हणून आता दुसरा पत्रा घेतलाय, आडवा, प्रेसवर मावेल तेवढा मोठा. रांग पूर्ण येणार. अडचण उजेडाची आहे. एक कपाळ कोरं ठेवणं सोपं असतं, भोवतालचं सगळं त्याच्यासाठी काळं करता येतं. इथे प्रत्येकाचं कपाळ कोरं ठेवायचं तर काळं काय करायचं? सध्या असं ठरवलंय की माणसामाणसांमधल्या जागा खोल खाऊ द्यायच्या, खांद्याला खांदा लागतो तिथल्या सावल्या, मांड्यांच्या खाली सतरंजीवर पडणाऱ्या. चेहरे सगळे पहिल्याच बुडवणीत बंद. कोण कुठे बसतो याची यादी आबाजींनी सांगितली आहे. बायकांची बाजूही आली पाहिजे आणि समोर चुळबुळ करणारी लेकरंही, असं त्यांनी बजावलंय. एका पोराचे डोळे उघडे ठेवायलाही त्यांची परवानगी आहे, कारण तो ते कधीच मिटत नाही.